डेकखालचे मुंगळे: एका घराच्या नोंदी, एप्रिल ते नोव्हेंबर २०२४

५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी १० वाजून २३ मिनिटांनी घर हललं. न्यू जर्सीत भूकंप होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. मी कॉलवर होते, समोरच्या कपाटातल्या वाट्या खणखणल्या आणि थांबल्या. मग कळलं, ४.८ चा धक्का होता, केंद्र व्हाइटहाउस स्टेशन नावाच्या इथल्याच गावाजवळ. आमच्यापासून काही फार लांब नाही.

दुपारी टॉर्च घेऊन तळघरात उतरले, भिंतींना कुठे तडा गेलाय का बघायला. तडा नव्हता. पण वॉशिंग मशीनच्या मागे, जिथे काँक्रीटच्या भिंतीवर घराचं लाकूड टेकतं, तिथे मूठभर भुसा पडला होता. भूकंपाने कुठून तरी झडला असेल असं समजून झाडून टाकला.

७ एप्रिल, रविवार

त्याच जागी पुन्हा भुसा. चिमूटभरच, पण नवा. म्हणजे भूकंपाचा काही संबंध नाही, वरून कोणीतरी टाकतंय.

या वेळी झाडला नाही. पांढऱ्या कागदावर घेतला आणि लेकीच्या शाळेच्या किटमधलं भिंग लावून बघितला. लाकडाच्या बारीक काड्या आहेत, पिठासारखी पूड नाही. मध्ये मध्ये गुलाबी तंतू, ते थंडी अडवायला भिंतीत भरलेल्या फायबरग्लासचे. आणि काळे चकचकीत तुकडे: एक पाय, अर्धं डोकं, पंखासारखं काहीतरी. लेक म्हणाली, "हा कुणाचा तरी कचऱ्याचा डबा आहे." अगदी बरोबर बोलली.

कोकणात घुण लागलेल्या लाकडाखाली जी पूड पडते ती मैद्यासारखी असते, बोटांत धरली तर कळतसुद्धा नाही. वाळवी तर भुसा बाहेर टाकतच नाही, ती मातीच्या नळ्या बांधते. इथली वाळवीही जमिनीतून मातीच्या नळ्यांनीच चढते. तळघराच्या चारही भिंती फिरून बघितल्या, नळी कुठेच नाही. हे तिसरंच कोणीतरी आहे.

आजपासून तारखेसह लिहून ठेवते आहे. ऑफिसात टेस्टिंगच्या नोंदी ठेवायची सवय आहे, तीच इथे.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

गुढी दर वर्षीसारखी मागच्या डेकच्या, म्हणजे घराला जोडलेल्या लाकडी ओट्याच्या, कठड्याला बांधली. संध्याकाळी उतरवायला गेले तर साखरेच्या गाठीवर सात-आठ मोठे काळे मुंगळे. गाठीचं एक पदक खालून ओलं होऊन चिकट झालं होतं, त्यालाच सगळे लागले होते.

गाठ तशीच कठड्यावर ठेवून दिली आणि खुर्ची टाकून बसले. खाऊन झालेला मुंगळा ओळखता येतो. त्याचं पोट फुगतं आणि काळ्या पट्ट्यांच्या मधली फिकट कातडी दिसायला लागते, पोटावर आडवे पट्टे मारल्यासारखी. तो भटकत नाही, सरळ घरी जातो. असे तीन मुंगळे एकामागून एक बघितले. तिघेही खांबावरून उतरून डेकच्या फळ्यांवर आले आणि घराच्या भिंतीला लागून असलेल्या फटीत शिरले.

त्या फटीच्या बरोबर मागे, आतल्या बाजूला, वॉशिंग मशीन आहे.

१३ एप्रिल, शनिवार

दोन मुंगळे बरणीत धरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते. आज ओळख पटवली. ज्यांना घरी करायचं असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे चूक झाली की पुढचं सगळं चुकतं.

आधी कंबर. मुंगी-मुंगळ्याची कंबर अगदी बारीक असते, वाळवीचं अंग मात्र सरळ एकसारखं, कंबर नसल्यासारखं. मुंगळ्याच्या मिशा कोपरात वाकवलेल्या हातासारख्या मोडलेल्या असतात, वाळवीच्या सरळ, बारीक मण्यांच्या माळेसारख्या. मग कमरेवरचे उंचवटे मोजायचे. आमच्याकडे एकच होता. इथे फुटपाथच्या फटीत राहणाऱ्या छोट्या मुंग्यांना दोन असतात. शेवटी पाठ बाजूने बघायची. या मुंगळ्याची पाठ एका सलग कमानीत उतरते, मध्ये खाच नाही, टेंगूळ नाही. एक उंचवटा आणि गुळगुळीत कमान हे दोन्ही जुळलं की हा कॅम्पोनोटस, ज्याला इंग्रजीतून आलेल्या नावाने सुतारमुंगी म्हणतात.

आकारावर जाऊ नये. एकाच घरातले मुंगळे ६ मिलिमीटरपासून १३ मिलिमीटरपर्यंत असतात. माझ्या बरणीतले दोघे शेजारी ठेवले तर वेगवेगळ्या जातीचे वाटतील. दोघेही पूर्ण काळे, पोटावर फिकट सोनेरी लव. पूर्व अमेरिकेतला हा नेहमीचा, कॅम्पोनोटस पेन्सिल्व्हॅनिकस.

वाचताना एक गोष्ट सापडली आणि फार बरं वाटलं. आपल्याकडचा गुळाच्या ढेपेला लागणारा, लहानपणी पायाला कडकडून चावणारा मुंगळा याच कुळातला, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. तो बहुतेक करून झाडाच्या बुंध्याशी मातीत घर करतो, म्हणून आपल्याला त्याची घरात भीती वाटत नाही. घरं चिऱ्याची, विटांची. इथे घराची हाडंच लाकडाची आहेत, आणि हा भाऊ लाकडात राहणारा निघाला.

लाकूड तो खात नाही, हे लक्षात ठेवायचं. कोरून बाहेर फेकतो आणि आत राहतो. तळघरातला भुसा तोच. म्हणून नुसतं लाकडाला विष लावून तो मरत नाही.

४ मे, शनिवार

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने पंखवाले मुंगळे, एकूण अकरा. पुढचे पंख लांब, मागचे आखूड, कंबर बारीक. वाळवीचे असते तर चारही पंख एकाच मापाचे असते.

बाहेर अंगणात एखाददुसरा पंखवाला मुंगळा दिसणं ही या दिवसांत साधी गोष्ट आहे. घराच्या आत, खिडकीकडे धावणारे इतके निघाले म्हणजे घरट्याचं तोंड आत आहे. आणि पंखवाले तयार व्हायला वारूळ आधी मोठं व्हावं लागतं, त्याला काही वर्षं जातात. एक राणी, पहिली चिमुकली पिल्लावळ, मग हळूहळू हजारांत संख्या. आम्ही २०२१ मध्ये घर घेतलं. हे आमच्याआधीपासून राहात असणार.

११ मे, शनिवार

काल अक्षय्य तृतीयेला आप्पा, माझे सासरे, आले. सहा महिने राहतील. देवगडजवळ त्यांचं कौलारू घर आहे आणि त्याची एकूण एक तुळई त्यांना पाठ आहे.

आज सकाळी कीटकनियंत्रणवाल्या एका कंपनीचा माणूस बोलावला होता. दहा मिनिटांत घराला बाहेरून एक चक्कर मारली आणि वर्षाचा करार पुढे केला: दर तीन महिन्यांनी घराभोवती फवारणी. मी म्हटलं, तळघर बघा, भुसा ठेवलाय जपून. तो म्हणाला गरज नाही. मला हे पटलं नाही आणि मी सही केली नाही. बाहेरची साधी फवारणी बहुतेक वेळा मुंगळ्यांना हुसकणारी असते. ते तो पट्टा टाळून दुसरीकडून ये-जा करतात, भिंतीतलं घर तसंच राहतं. चांगली माणसंही या धंद्यात आहेत, पण जो घरटं शोधत नाही त्याला पैसे देण्यात अर्थ नाही. शोधणं हेच काम आहे, औषध हा त्यातला छोटा भाग.

तो गेल्यावर आप्पा म्हणाले, "मुंगळे राहूदेत. पाणी कुठून येतंय ते बघितलंस का?"

मी म्हटलं, "पाणी कुठेच गळत नाहीये, आप्पा. नळ कोरडे आहेत सगळे."

"नळाचं नाही गो. पावसाचं. सुक्या लाकडात कोण कशाला कोरत बसेल? आमच्याकडे वाशाचं डोकं पागोळीखाली भिजतं, मऊ होतं, मग त्यात सगळे येतात."

१७ मे, शुक्रवार, रात्र

टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर दोन पदरी बांधला. मुंग्यांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्या न बिचकता चालत राहतात. साडेनऊला आप्पा, लेक आणि मी मागच्या दारी. नवरा आत तळघरात, फोनवर.

दिवसा ज्या जागी एक मुंगळा दिसत नाही तिथे रात्री दहाला रस्ता वाहतो. डेकच्या फटीतून निघून भिंतीच्या पायाच्या कडेने, मग कुंपणाच्या खालच्या फळीवरून ओळ जाते. त्यांना कडा आवडते. मोकळ्या गवतातून चालण्यापेक्षा फळी, वायर, पाइप, फरशीची किनार धरून जातात. लेकीने दहा मिनिटं मोजले: जाणारे ५२, येणारे ४७. कुंपण संपलं तिथे ओळ गवतात उतरली आणि सरळ सिल्व्हर मेपलच्या बुंध्यावर चढली. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर जुनी फांदी तुटल्याची ढोली आहे, तिच्यात गेली. डेकपासून ते झाड मोजून पंधरा पावलं.

म्हणजे घरं दोन आहेत. मूळ घर झाडात. राणी, अंडी आणि कोवळ्या अळ्यांना दमट जागा लागते, ती ढोलीत मिळते. घरातलं हे उपघरटं, तिथे मोठ्या अळ्या, कोष आणि कामकरी. एका वारुळाची अशी बरीच उपघरटी असू शकतात. नुसतं घरातलं मारलं तर झाडातून नवे येतील, हे आजच कळलं ते बरं झालं.

साडेअकराला नवऱ्याने आतून हाक मारली. तळघरात सगळे दिवे आणि मशीन बंद करून, काचेचा ग्लास लाकडाला उलटा टेकवून त्याने कान लावला होता. मीही लावला. चुरमुऱ्याची कागदी पुडी हळू हळू चुरगळावी तसा आवाज. बोटाने टकटक केलं की थांबतो, मग एकदम वाढतो.

आप्पांनी ऐकलं, काही बोलले नाहीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकडाला ठोकत ठोकत सरकत गेले. ठण, ठण, ठण, मग ढब. पेन्सिलने खूण केली. ढबपासून पुन्हा ठण येईपर्यंत सव्वादोन मीटर.

२५ मे, शनिवार

ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर आणलं. सुया लाकडात टोचायच्या, टक्के दिसतात.

घराच्या कडेने भिंतीवर उभी फळी असते, तिला इथे रिम जॉइस्ट म्हणतात. जमिनीच्या सगळ्या तुळया तिच्यात येऊन थांबतात. समोरच्या, रस्त्याच्या बाजूला तिचं माप १२, १३, १२. मागच्या बाजूला डेक नाही तिथे १३. डेकच्या मागे, आप्पांच्या दोन खुणांच्या मध्ये: २४, २७, २९, २८, २२. वीसच्या खाली लाकूड कुजत नाही. अठ्ठावीसला बुरशी आरामात राहते.

गुलाबी फायबरग्लास बाजूला काढला तर मागच्या बाजूने काळा पडलेला. त्यात पोकळ्या केलेल्या, भुसा, मेलेल्या किड्यांचे तुकडे. आठ-दहा मुंगळे पांढरट कोष तोंडात धरून पळाले. बरेच लोक त्या कोषांनाच अंडी समजतात.

२६ मे, रविवार

पाणी सापडलं. डेकच्या खाली पाठीवर झोपून वर बघितलं.

डेक घराला एका आडव्या जाड फळीने जोडलेला असतो. ती फळी भिंतीला जिथे टेकते तिथे वरून पत्र्याची मोडलेली पट्टी हवी, म्हणजे भिंतीवरून उतरलेलं पाणी फळीच्या पुढे पडेल. आमच्याकडे पट्टीच नाही. आधीच्या कुणी तरी नंतर डेक जोडला असणार. भिंतीवरून येणारा प्रत्येक पाऊस, डेकवर साचलेला प्रत्येक बर्फ फळीच्या मागे उतरतो आणि रिम जॉइस्टमध्ये मुरतो. वर पन्हळीचं टोक नेमकं त्याच कोपऱ्यात ठिबकतं.

याहून वाईट म्हणजे फळी बोल्टने नाही, नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली आहे. ते खिळे ज्या लाकडात आहेत ते लाकूड आतून पोकळ आहे. याच डेकवर गेल्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला वीस माणसं उभी होती.

आजपासून डेकवर जाणं बंद. दाराला आतून पट्टी लावली. ज्यांचा डेक असेल त्यांनी मुंगळे असोत नसोत, खाली वाकून एकदा बघावं: पत्र्याची पट्टी आहे का, आणि बोल्टची डोकी दिसतात का.

२७ मे, सोमवार

सुट्टी. सुतार शोधला, २२ जूनची तारीख मिळाली. मधल्या चार आठवड्यांत संख्या कमी करायची म्हणून आमिष.

आधी विषाशिवाय, नुसती आवड तपासायला, पुठ्ठ्याच्या चार तुकड्यांवर चार गोष्टी रात्री वाटेवर ठेवल्या: मध, गुळाचं पाणी, साखरेचं पाणी, उकडलेल्या अंड्याचा बलक. अर्ध्या तासाने मधावर १९, बलकावर १६, गुळावर १४, साखरेवर ११. बलकाला इतके येतील असं वाटलं नव्हतं, पण आत अळ्या वाढवण्याच्या दिवसांत त्यांना प्रथिनं हवी असतात. आप्पांना गूळ तिसरा आला ते आवडलं नाही. म्हणाले, गूळ इथल्या दुकानातला आहे म्हणून.

१ जून, शनिवार

बोरिक आम्ल आणलं. आपण कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर, तीच. साखर-मधाच्या १०० मिलिलिटर पाण्यात चमचाभर घातली. प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्याला बाजूने बारीक भोकं पाडली, आत कापसाचा बोळा, झाकणावर चिकटपट्टी, वर वीट. लेकीचा आणि शेजारच्या मांजराचा हात-तोंड आत जाता कामा नये. बोरिक औषधाच्या दुकानात मिळतं म्हणून ते निरुपद्रवी नाही.

२ जून, रविवार

डब्याभोवती तीसेक मेलेले मुंगळे. रात्री ओळ डब्याला वळसा घालून गेली, एकही आत शिरला नाही.

चूक माझी. चमचाभर म्हणजे चार-पाच ग्रॅम, म्हणजे चार-पाच टक्के. इतकं कडक की खाणारा घरी पोहोचण्याआधीच मरतो. या औषधाचं सगळं काम मुंगळा जिवंत घरी जाण्यावर आहे. पोटात साठवलेलं तो घरच्यांना तोंडातून तोंडात भरवतो, ते पुढच्यांना, शेवटी अळ्यांना आणि राणीला. मेलेले मुंगळे दिसणं ही यशाची खूण वाटते, आमिषाच्या बाबतीत ती बिघाडाची खूण आहे.

नवं मिश्रण स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर मोजून केलं: १०० मिलिलिटर कोमट पाणी, १० ग्रॅम साखर, १ ग्रॅम बोरिक. काटा आता या कामालाच ठेवला आहे, स्वयंपाकाला दुसरा आणला. वाटेच्या आसपास स्प्रे, व्हिनेगर, फिनाइल काही मारायचं नाही असं घरात सगळ्यांना सांगितलं, नाहीतर ते वाटच सोडतील.

८ जून, शनिवार

दर तिसऱ्या दिवशी ताजं भरते आहे, पाणी उडून गेलं की मिश्रण पुन्हा कडक होतं. रात्रीची मोजणी, दहा मिनिटांत जाणारे: ३ जूनला ४९, ५ ला ४४, ८ ला ३१.

१५ जून, शनिवार

१२. तळघरातला भुसा चार दिवस पडलेला नाही.

२२ जून, शनिवार

आज उघडलं.

डेकला आधी खालून चार तात्पुरते टेकू, मग फळी भिंतीपासून सोडवली. खिळे पहारीने हलके उचलताच निघून आले, एकालाही धरून ठेवणारं लाकूड नव्हतं. सुतार दोन पावलं मागे सरला आणि डेककडे बघत राहिला.

मागचा रिम जॉइस्ट बाहेरून फक्त काळपट दिसत होता. सुताराने करवतीने सव्वादोन मीटरचा तुकडा कापून गवतावर ठेवला, आप्पांनी फाळ घातला आणि तो पोथीसारखा उघडला. खरोखर पोथीसारखा: लाकडाच्या वर्षाच्या कड्यांतला मऊ भाग कोरून काढलेला, कडक भाग पानांसारखा उभा ठेवलेला. पानापानांत वाटा, वाटांना दारं. आतून हात फिरवला तर पॉलिश पेपर मारल्यासारखं गुळगुळीत. ना माती, ना चिखल, ना भुशाचा कण. वाळवीने खाल्लेलं लाकूड असं कधी नसतं, त्यात मातीचं लिंपण असतं. आप्पा त्या पानांवरून अंगठा फिरवत बराच वेळ बसले. "रंधा मारलाय मेल्यांनी," म्हणाले.

कोष घेऊन पळणारे दोन-अडीचशे असतील. व्हॅक्युमने ओढले. नाकात आंबट झणका गेला, जुन्या व्हिनेगरसारखा. ते चवताळले की फॉर्मिक आम्ल फवारतात, त्याचा वास. राणी नव्हती. अपेक्षाही नव्हती.

मोजणीवरून वाटत होतं तितकी संख्या उरली नव्हती, आमिषाने काम केलं होतं. पण लाकूड उघडलं नसतं तर या ओल्या जागेत पुढच्या वर्षी दुसरे कोणी आले असते, आणि खिळे तेच राहिले असते.

६ जुलै, शनिवार

टाउनशिपची परवानगी मिळून काम झालं. रिम जॉइस्टचा तुकडा दाबाने औषध मुरवलेल्या लाकडाचा. बाजूच्या जुन्या लाकडाला, जिथे २२-२४ टक्के होतं, तिथे सुकू देऊन कीड-बुरशी रोखणारं बोरेटचं पाणी दोनदा ब्रशने. आप्पा म्हणाले, त्यांच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात, होड्यांनासुद्धा. डेकच्या फळीच्या मागे चिकटणारी जलरोधक पट्टी, वर पत्र्याची मोडलेली पट्टी भिंतीच्या आवरणाच्या आत सारून. डेकची फळी आता बोल्टने. पन्हळीचं टोक बदललं, पाणी पाइपने भिंतीपासून दोन मीटर लांब सोडलं.

फायबरग्लास नवीन भरायची घाई केलेली नाही. लाकूड उघडं राहिलं तर सुया टोचता येतात.

२० जुलै, शनिवार

मेपलचं काय करायचं यावर घरात दोन मतं होती. नवऱ्याला झाड पाडायचं होतं. वृक्षतज्ज्ञ बोलावला. त्याने ढोली, बुंधा, मुळं तपासली. मुंगळ्यांनी झाड पोकळ केलेलं नाही, फांदी तुटून आतलं लाकूड आधी कुजलं, मग ते राहायला आले. बाहेरचा जिवंत लाकडाचा थर चांगला जाड आहे. वरच्या बाजूला सुतारपक्ष्याने पाडलेली लांबट चौकोनी भोकं त्याने दाखवली. पायलिएटेड नावाचा मोठा सुतारपक्षी नेमके हेच मुंगळे खायला अशी भोकं पाडतो.

झाड ठेवलं. छपराला टेकणाऱ्या दोन फांद्या काढल्या. कुंपणाची शेवटची फळी आणि भिंत यांच्यात हातभर जागा मोकळी केली, तो त्यांचा पूल होता. भिंतीला लागून रचलेली शेकोटीची लाकडं अंगणाच्या टोकाला विटांवर ठेवली. झाडात विष ओतलं नाही. तिथे ते मेपलच्या पानांवरच्या माव्याचा गोड चिकटा गोळा करतात, इतर किडे खातात, जे जंगलात करायचं तेच करतात. आप्पांनी आंब्यावरच्या तुडतुड्यांचा चिकटा आणि त्यामागे लागणारे मुंगळे आठवून सांगितले, आणि लेक आता रोज संध्याकाळी पानं उलटी करून बघते.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

एकवीस मोदक, गुळाचं सारण. नैवेद्य झाल्यावर रात्री एक मोदक मुद्दाम डेकवर, दाराशी ठेवला. साडेदहाला एक मुंगळा आला, अंगणाच्या बाजूने. खाऊन अंगणाच्याच बाजूने गेला. भिंतीकडे कोणी नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

नवीन लाकडाला १२, जुन्या कडांना १३ आणि १४. आकडे छान आहेत आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. या महिन्यात इथे पाऊसच पडलेला नाही. सगळं राज्य कोरडं आहे, गवत पिवळं, वणव्यांच्या सूचना येताहेत. पट्टी नसती तरी लाकूड या महिन्यात सुकलंच असतं. दुरुस्ती टिकली की नाही हे पाऊस आल्याशिवाय सांगता येणार नाही.

आप्पा येत्या शनिवारी परत जाणार. मीटर वापरायला शिकले आहेत, तसंच एक सोबत देते आहे, देवगडच्या वाशांसाठी.

२३ नोव्हेंबर, शनिवार

२० आणि २१ ला अखेर चांगला पाऊस झाला. मी दोन्ही रात्री तळघरात जाऊन सुया टोचल्या आणि आज पुन्हा.

बुधवारी रात्री १३, १२, १३. गुरुवारी १३, १३, १३. आज १३, १२, १३. एका जागी, पन्हळीच्या कोपऱ्याखाली, गुरुवारी १६ आलं होतं आणि आजही १६ आहे. बाहेर जाऊन बघितलं तर पत्र्याच्या पट्टीचं टोक तिथे बोटभर वर उचललंय. सीलंट आणून ठेवलं आहे, उद्या ऊन आहे, दुपारी लावते. डिसेंबरभर त्या कोपऱ्यात दर पावसानंतर मोजायचं.

आप्पांचा फोन आला होता. माजघरावरच्या तिसऱ्या वाशाला २६ आहे म्हणाले.